वकील व्हायचंय, मग अकरावीला काय घ्यायचं?

दहावीचा निकाल लागला की पनवेल परिसरात घरोघरी एकच चर्चा सुरू होते, सायन्स की कॉमर्स. मुलगी 'मला वकील व्हायचंय' म्हणत असली तरी तिलाही हेच विचारलं जातं, आणि उत्तर बहुतेक वेळा वडीलधाऱ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं: 'आधी सायन्स घे, लॉचं नंतर बघू.' करंजाड्यात तर दोन तऱ्हेची कुटुंबं शेजारीशेजारी राहतात. काहींना विमानतळासाठी गाव सोडावं लागलं, काहींनी मुंबईत जागा परवडत नाही म्हणून इथे फ्लॅट घेतला. पहिल्यांच्या घरात जमिनीच्या कागदांची पिशवी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली असते. दुसऱ्यांचा कायद्याशी संबंध बहुधा घराच्या करारनाम्यापुरता आलेला असतो. पण कायद्याच्या शिक्षणासाठी अकरावीला कोणते विषय घ्यावेत, याबद्दल दोन्ही घरांत सारखाच गोंधळ आहे. लॉसाठी म्हणून अकरावी-बारावीला एकही विषय सक्तीचा नाही. म्हणूनच 'काहीही घेतलं तरी चालतं' असं लोक म्हणतात, आणि तिथेच चूक होते. नियमाला काहीही चालत असेल. त्या मुलाला किंवा मुलीला चालत नाही. ज्या विषयांत रोज लांब मजकूर वाचावा लागतो आणि कारणं देऊन सविस्तर उत्तर लिहावं लागतं, ते विषय निवडावेत, आणि इंग्रजी पक्की करताना मराठी सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते का, हे पुढे सविस्तर सांगतो.

आधी नियम पाहून घेऊ. बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम करता येतो आणि कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी खुल्या प्रवर्गाला बारावीला किमान ४५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. शाखेची अट नाही. महाराष्ट्रातल्या विधी महाविद्यालयांसाठी राज्य सीईटी कक्षाची लॉ सीईटी द्यावी लागते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली राष्ट्रीय विधी विद्यापीठं क्लॅटमधून प्रवेश देतात. या दोन्ही परीक्षांत भौतिकशास्त्र नाही, जीवशास्त्र नाही, पुस्तपालनही नाही. क्लॅटमध्ये १२० मिनिटांत १२० प्रश्न सोडवायचे असतात आणि ते उताऱ्यांवर आधारलेले असतात. इंग्रजीतला सुमारे ४५० शब्दांचा उतारा वाचायचा, त्यातलं तत्त्व ओळखायचं आणि दिलेल्या प्रसंगाला ते लागू होतं का हे ठरवायचं. गणिताचा वाटा साधारण दहावा आणि पातळी दहावीची. राज्य सीईटीतही गणिताचा भाग सगळ्यांत लहान असतो. थोडक्यात, या परीक्षा वेगाने आणि समजून वाचणाऱ्याला झुकतं माप देतात. ही सवय दोन महिन्यांत अंगी येत नाही. ती अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत रोजच्या अभ्यासातून आली तरच टिकते.

प्रवेश परीक्षा हा एक दिवसाचा मामला आहे. वकिली तीस-चाळीस वर्षं करायची असते. म्हणून पनवेलच्या किंवा अलिबागच्या कोर्टात काम करणाऱ्या वकिलाच्या टेबलावर रोज काय येतं ते पाहू. पहिला कागद बहुधा सातबारा असतो. गाव नमुना सात म्हणजे हक्कांची नोंद आणि बारा म्हणजे पिकांची. नवख्याची नजर मालकाच्या नावावर जाते. वकिलाची नजर आधी भूधारणा पद्धतीवर जाते, कारण तिथे 'भोगवटादार वर्ग २' असं लिहिलं असेल तर ती जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. मग नजर 'इतर अधिकार' या रकान्याकडे वळते. सोसायटीचा बोजा, एखाद्या कुळाचं नाव, जुन्या भूसंपादनाची नोंद तिथेच सापडते. त्या रकान्यातला फेरफार क्रमांक धरून मागे मागे गेलं की कधी १९४८ च्या कूळ कायद्यापर्यंत पोहोचावं लागतं. एका पानाच्या या कागदात इतिहास आहे, अर्थकारण आहे, राज्यव्यवस्था आहे, आणि सगळं मराठीत आहे.

दुसरा कागद वारसांचा. करंजाडे, पुष्पकनगर, उलवे इथल्या कित्येक इमारती प्रकल्पग्रस्तांना मिळालेल्या भूखंडांवर उभ्या आहेत आणि त्या भूखंडांच्या वाटपावरून भावंडांत दावे चालतात. समजा, ३०० चौरस मीटरचा भूखंड वडिलांची स्वतःची मिळकत आहे आणि मृत्युपत्र न करता ते वारले. मागे पत्नी, एक मुलगा, दोन मुली आणि आधीच वारलेल्या दुसऱ्या मुलाची पत्नी व दोन मुलं. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे पाच वाटे होतात: पत्नी, मुलगा, दोन मुली आणि वारलेल्या मुलाची शाखा. प्रत्येक वाटा ६० चौरस मीटरचा. वारलेल्या मुलाच्या शाखेतल्या तिघांना मिळून ६०, म्हणजे प्रत्येकी २०. कायद्याला लागणारं गणित बहुतांशी असं असतं: अपूर्णांक, टक्केवारी, व्याज. संपादित जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड परत देणाऱ्या साडेबारा टक्के योजनेत सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होतात, हे ठाऊक असलेल्याला ४० गुंठे संपादित जमिनीमागे हातात साडेतीन गुंठेच येतात हे चटकन काढता आलं पाहिजे. त्याला कलनशास्त्र लागत नाही. पण आकड्यांना घाबरणारा माणूसही या कामात टिकत नाही. म्हणून गणित सोडलं तरी अर्थशास्त्र सोडू नका, असं मी म्हणेन.

आणि त्याच उदाहरणात दोन बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेतलेली असते. त्यांना ते वाचून दाखवलं होतं का, काय लिहिलंय ते कळलं होतं का, बदल्यात काही मिळालं का, यावर पुढचा सगळा दावा उभा राहतो. हे प्रश्न विचारायला समाजाची जाण लागते. समाजशास्त्र हा 'सोपा विषय' म्हणून बाजूला टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

या भागाचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना हे नव्याने सांगायला नको. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. त्या लढ्याचं नेतृत्व करणारे दि. बा. पाटील हे जासईचे आणि पेशाने वकील. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात गोळीबारात पाच जणांचा बळी गेला, आणि त्या लढ्यातूनच विकसित भूखंड परत देण्याचं साडेबारा टक्क्यांचं सूत्र पुढे आलं. जमिनीचा मोबदला रुपयांतच का मोजायचा, शहर उभं राहिल्यावर वाढणाऱ्या किमतीत मूळ मालकाचा वाटा का नको, हा प्रश्न मुळात अर्थशास्त्राचा आहे. तो कायद्याच्या आणि राजकारणाच्या भाषेत मांडता आला म्हणून सरकारला ऐकावा लागला. याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने चरीच्या शेतकऱ्यांचा खोतांविरुद्धचा संप १९३३ ते १९३९ चालला. खोती नष्ट करण्याचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडलं. महाडच्या चवदार तळ्याचा दावाही त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघाला. बाबासाहेब ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले हे सगळ्यांना माहीत असतं. त्याआधी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेऊन इतिहास, समाजशास्त्र आणि तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला होता, हे विषय निवडताना आठवलं तर बरं.

आता विषयांकडे येऊ. कला शाखेत इंग्रजी आणि मराठीसोबत राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास किंवा समाजशास्त्र, आणि मिळत असेल तर तर्कशास्त्र, ही माझी पहिली पसंती. राज्य मंडळाच्या अकरावीच्या राज्यशास्त्रात स्वातंत्र्य आणि हक्क, समानता आणि न्याय, न्यायमंडळाची भूमिका हे धडे आहेत. कायद्याच्या पहिल्या वर्षात संविधान शिकताना हीच नावं परत भेटतात आणि त्या वेळी पायाखाली जमीन असते. इतिहासाचा उपयोग सनावळ्यांसाठी नाही. एकाच घटनेची दोन साधनं वेगवेगळं सांगत असतील तर कोणावर विश्वास ठेवायचा आणि का, हे इतिहास शिकवतो. उलटतपासणीत वकील नेमकं तेच करतो. तर्कशास्त्राबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण या विषयाकडे कोणी पाहत नाही. दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष खरोखर निघतो की नुसता निघाल्यासारखा वाटतो, हे त्यात पायरीपायरीने शिकवलं जातं. राज्य मंडळाने त्याचं स्वतंत्र पाठ्यपुस्तक काढलेलं आहे. मुंबई विद्यापीठाच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात सुरुवातीच्या वर्षांत तर्कशास्त्राचा पेपर असतो. लॉ सीईटी आणि क्लॅट दोन्हींत तार्किक विचारावर स्वतंत्र विभाग आहे. अडचण एवढीच की सगळ्या कनिष्ठ महाविद्यालयांत तो शिकवत नाहीत. म्हणून प्रवेशाचे पसंतीक्रम भरण्याआधी महाविद्यालयात जाऊन विचारावं: कला शाखेत नेमके कोणते विषय आहेत, तर्कशास्त्राला शिक्षक आहे का, की विषय फक्त माहितीपत्रकात आहे? ज्याला कायद्याकडे जायचं आहे त्याने कटऑफच्या आधी हा प्रश्न विचारावा.

कॉमर्स वाईट नाही, उलट कंपनी कायदा, कर किंवा बँकिंगकडे ओढा असेल तर ती चांगली वाट आहे. ताळेबंद वाचता येणारा वकील अजून कमी सापडतो. चिटणीसाची कार्यपद्धती हा विषय मुलं गुण मिळवून विसरून जातात, पण भाग, कर्जरोखे, लाभांश, सभासदांशी पत्रव्यवहार हे सगळं त्यातच येतं, आणि पुढे कंपनी सेक्रेटरीचा विचार असेल तर हाच पाया आहे. मात्र कॉमर्स घेणाऱ्यांनी लांब उत्तरं लिहिण्याचा सराव बाहेरून करावा.

सगळ्यात मोठा आक्षेप सायन्सच्या बाजूने येतो: सायन्स घेतलं की सगळे दरवाजे उघडे राहतात. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते नाकारून चालणार नाही. पंधराव्या वर्षी घेतलेला निर्णय बदलू शकतो, आणि सायन्सवरून लॉला जाता येतं, आर्ट्सवरून इंजिनिअरिंगला जाता येत नाही. ज्या मुलाला विज्ञान मनापासून आवडतं त्याने ते जरूर घ्यावं. न्यायवैद्यक पुरावा, पर्यावरणाचे खटले, पेटंट या क्षेत्रांत त्याला मागणी आहे. पण पेटंटचं कारण सांगून बारावी सायन्स करणाऱ्यांना एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पेटंट एजंटच्या परीक्षेसाठी विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते, बारावी पुरत नाही. म्हणजे त्याने आधी बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंग करून मग तीन वर्षांचं लॉ करायला हवं. आणि आवड नसताना केवळ दरवाजे उघडे राहावेत म्हणून सायन्स घेतलं तर त्याची किंमत मोजावी लागते. दोन वर्षं प्रॅक्टिकल, क्लास आणि बहुपर्यायी प्रश्नांत जातात. क्लॅट साधारण डिसेंबरच्या सुरुवातीला असते, बोर्डाची लेखी परीक्षा फेब्रुवारीत. ज्या महिन्यांत वाचन वाढवायला हवं त्याच महिन्यांत सायन्सचा विद्यार्थी दोन्हीकडून पिचतो. दरवाजे उघडे राहतात, पण एकातूनही नीट आत जाता येत नाही, असं कित्येकांचं होतं.

दुसरा आक्षेप मराठीवर आहे आणि तो अधिक आत्मविश्वासाने घेतला जातो. उच्च न्यायालय इंग्रजीत चालतं, क्लॅट इंग्रजीत, मोठ्या लॉ फर्म इंग्रजीत. मग अकरावीला मराठी घेऊन काय करायचं? आयटी घेतलं तर गुण जास्त पडतात. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, पण ती दहावीपर्यंत. अकरावीला तिचा हात सोडणं सोपं असतं. इंग्रजीशिवाय चालणार नाही हे मला पूर्ण मान्य आहे. मराठी माध्यमातल्या मुलांनी तर अकरावीपासून रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचून त्याचा सारांश लिहावा, त्याला दुसरा पर्याय नाही. मात्र महाराष्ट्रात जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. फिर्याद, पंचनामा, जबाब, फेरफार, खरेदीखत, मुखत्यारपत्र, ग्रामपंचायतीचा ठराव हे सगळं मराठीत तयार होतं. उच्च न्यायालयात जाणाऱ्या खटल्याचाही पुरावा खालच्या कोर्टात मराठीतच नोंदला गेलेला असतो आणि त्याचं भाषांतर करताना एक शब्द सरकला तरी अर्थ सरकतो. 'ताबा' आणि 'वहिवाट' यांतला फरक ज्याला कळत नाही त्याच्या हातात जमिनीचा दावा देणं धोक्याचं आहे. करंजाड्यात आज अनेक घरांत मुलं इंग्रजी माध्यमात शिकतात आणि घरातले जमिनीचे कागद आजोबांशिवाय कोणालाच वाचता येत नाहीत. ज्या मुलाला दोन्ही भाषा लिहिता येतील त्याला या पट्ट्यात काम कमी पडणार नाही, कारण विमानतळ सुरू झाल्यापासून इथे एका बाजूला कंपन्यांचे इंग्रजी करार वाढत आहेत आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या खालच्या जमिनीचे कागद मराठीतच आहेत.

तिसरं म्हणणं क्लासवाल्यांचं: विषय काहीही असू द्या, आम्ही एका वर्षात तयारी करून घेतो. परीक्षा निघेलही. पण पाठांतरावर उभी राहिलेली तयारी किती टिकते याचा पुरावा अलीकडेच मिळाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ होतं, ते १०३ झालं. फसवणुकीचं ४२०, जे बोलीभाषेतही रुळलं होतं, ते ३१८ मध्ये गेलं. ज्यांनी आकडे पाठ केले होते त्यांना नव्याने सुरुवात करावी लागली. ज्यांना गुन्ह्याचे घटक समजले होते त्यांना फक्त नवा तक्ता जवळ ठेवावा लागला.

उरतो तो न बोलला जाणारा आक्षेप: आर्ट्सला कमी मार्कांची मुलं जातात, लोक काय म्हणतील. या समजुतीने या भागातल्या हुशार मुलींचं विशेष नुकसान केलं आहे असं मला वाटतं, कारण मुलीला 'सुरक्षित' शाखा देण्याकडे घरचा कल जास्त असतो. पालकांना मी एवढंच विचारेन की तुमच्या हक्कसोडपत्राचा, तुमच्या सोसायटीच्या अभिहस्तांतरणाचा, तुमच्या भूखंडाचा खटला उद्या लढायला तुम्हाला कसा वकील हवा आहे? ज्याने चांगलं वाचलं, लिहिलं आहे असा. मग तो घडवणारे विषय कमी दर्जाचे कसे? शिवाय सोय जवळ आहे. पनवेलला महात्मा फुले महाविद्यालय आणि नवीन पनवेलला चांगू काना ठाकूर महाविद्यालय आहे, आणि नवीन पनवेललाच भागुबाई चांगू ठाकूर विधी महाविद्यालयही आहे. घरापासून दूर न जाता अकरावीपासून कायद्याच्या पदवीपर्यंतचा प्रवास इथे होऊ शकतो.

पाच वर्षांचं की तीन वर्षांचं, हा प्रश्न विषय निवडताना मनात असू द्या. वकिलीबद्दल खात्री असेल तर पाच वर्षांचं करावं, एक वर्ष वाचतं. खात्री नसेल तर अर्थशास्त्र, राज्यशास्त्र किंवा वाणिज्याची पदवी घेऊन मग तीन वर्षांकडे वळण्यात काहीही कमीपणा नाही. न्यायाधीश व्हायचं स्वप्न असलेल्यांनी हिशेब जरा लांबचा करावा: मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा लागू केली आहे. म्हणजे पदवीनंतर थेट परीक्षा नाही, आधी कोर्टात उभं राहायचं. तिथेही मराठी लागणारच.

ज्यांनी सायन्स आधीच घेतलं आहे त्यांनी शाखा बदलायची घाई करू नये. दुसरी भाषा म्हणून मराठी ठेवता येत असेल तर ठेवा. दर आठवड्याला एक निबंध लिहा, एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत, आणि तो भाषा शिकवणाऱ्या सरांना किंवा बाईंना दाखवा. अकरावीचं राज्यशास्त्राचं पाठ्यपुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. सुट्टीत ते वाचून काढा. घरचा सातबारा किंवा फ्लॅटचा करारनामा काढून त्यातलं न कळणारं प्रत्येक वाक्य वहीत उतरवा आणि ओळखीतल्या एखाद्या वकिलाकडून समजून घ्या. कोर्ट चालू असेल अशा एखाद्या दिवशी पनवेलच्या न्यायालयात मागच्या बाकावर जाऊन बसा. कामकाज खुलं असतं, शांत बसलात तर कोणी अडवत नाही. आणि जातीचा किंवा अधिवासाचा दाखला लागणार असेल तर त्यासाठी बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. प्रवेशाच्या दिवसांत तहसील कार्यालयात आणि सेतूत गर्दी उसळते, म्हणून अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीतच अर्ज करून टाका.